टीव्ही सौंसरला, बाग तिगावला

घरचा टीव्ही गोधडीत गुंडाळून मोटरसायकलवर सौंसरला न्यायचा, हे मी एकट्यानं आणि एका मिनिटात ठरवलं. (माझे सगळे निर्णय एवढ्याच वेळात होतात. नववीत शाळाही अशीच सोडली.)

गोष्ट कुणालदादाच्या बागेची आहे. होळीच्या आधी दादा गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. अजूनही मी चहाला तीन कप काढतो आणि एक परत ठेवतो. तिगावच्या आमच्या घरात त्यानं एक पेटी ठेवली होती आणि तिच्यात संत्र्याची बाग लावली होती. खरी नाही, कॉम्प्युटरातली. पाणी द्या, पाणी तोडा, खत टाका. झाडं तसतशी वागायची, महिन्यांचं काम मिनिटांत. "तुह्यासारख्यासाठीच बनवली," दादा म्हणायचा. "काय बिघडवायचं ते इथं बिघडव. खरी झाडं सोड."

पेटीला स्क्रीन नव्हता. बाग बघायची ती दुरून, इंटरनेटवरून. दादासोबत काम करणारी नागपूरची प्रणालीताई ती सौंसरला बागायतदारांच्या मेळाव्यात दाखवणार होती. शेवटी झाडं फुलांनी भरली की दादाचं नाव सांगणार होती. आईला तेवढंच हवं होतं, चार लोकांत त्याचं नाव निघावं.

पण ताईला नागपुरात नुसता काळा पडदा दिसायचा. मी पेटी बंद करून पुन्हा सुरू केली, पुसली, उदबत्तीही लावली. शेवटी ताईनंच शोधून काढलं: स्क्रीन जोडलेला नसला की ही पेटी चित्रच काढत नाही. (कोणी बघत नसलं की मीही काम करत नाही, म्हणून मला लगेच पटलं.) आमचा टीव्ही पेटीला जोडला आणि तिकडे ताईला बाग दिसली. आता कशालाच हात लावू नको, असं तिनं मला बजावलं.

मेळाव्याच्या सकाळी मनात आलं, ताईचा लॅपटॉप तो केवढासा. दादाची बाग लोकांना मोठी दिसली पाहिजे. पुढचं पहिल्या ओळीत सांगून झालंय.

हॉलमध्ये टीव्ही टेबलावर चढवून लॅपटॉपला जोडला. काळा. वायर हलवली, तरी काळा. पुढच्या रांगेत मोहगावचे जुने बागायतदार रघुनाथराव जांभया देऊ लागले.

"हर्षल, घरी पेटीला टीव्ही लावून आहे नं?" ताईनं विचारलं.

"ताई, घरचा टीव्ही तर हा तुमच्यासमोर आहे."

ताईनं डोळे मिटून घेतले. मी आईला फोन लावला. तिनं शेजारच्या गुणवंताकाकाचा टीव्ही उचलून आणवला. काकूंची मालिका अर्ध्यात होती, त्यामुळे टीव्हीमागून काकूही आल्या. ज्या भोकातून आपली वायर काढली त्यातच ही घाला, असं मी ओरडून सांगत होतो आणि तिकडून तिघं मिळून माझा उद्धार करत होते.

आणि चित्र आलं. हॉलनं टाळ्या वाजवल्या. मी बघतो तर दादाच्या झाडांची पानं पिवळी, मलूल, गळायला आलेली. तापात दादा असाच सुकला होता. ताई थांब म्हणेपर्यंत मी लॅपटॉपवरचं पाण्याचं बटण दाबून मोकळा झालो होतो.

झाडं हिरवीगार झाली. टाळ्या मात्र थांबल्या.

"काहून बे," रघुनाथराव म्हणाले, "बाग ताणावर होती नं?"

संत्र्याला बहर यावा म्हणून काही आठवडे पाणी तोडतात, झाड सुकू देतात. त्याला ताण म्हणतात. आमच्याकडे हे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या खऱ्या बागेचं पाणी त्याच आठवड्यात मी स्वतः तोडलं होतं. आता पेटीतली झाडं पानांवर पानं काढत सुटली. फूल एक येईना. आधी मागची रांग हसली, मग सगळा हॉल.

"मशीन पक्कं आहे," रघुनाथराव डोळे पुसत म्हणाले. "अशीच माजते बाग. कोणं बनवलं?"

"कुणालनं," ताई म्हणाली.

"अन् बिघडवलं कोणं?"

"त्याच्या भावानं."

जेवणाच्या पंगतीपर्यंत दादाचं नाव प्रत्येकाच्या तोंडी होतं. (माझंही. लगेच पाठोपाठ.)

घरी आलो तर आई गुणवंताकाकाच्या टीव्हीसमोर बसलेली. मालिका नव्हती, बाग होती. काकूही मालिका विसरून बघत होत्या.

"किती हिरवी आहे रे," आई पदरानं डोळे टिपत म्हणाली.

"मी पाणी देल्लं, आई."

"दिसूनच राहिलं," ती म्हणाली. "नुसती पानं, कामाचं काही नाही. हुबेहूब तू."