तिसऱ्या कार्डाची उत्तरपूजा

शके एकोणीसशे त्रेचाळीस, महिना आश्विन, ऋतू शरद. एका जंगलात, नदीच्या काठावर, साळिंदरांचे एक घर होते. बाळांनो, साल आणि महिना लक्षात ठेवावा. जंगल कोणते, ते विसरले तरी चालेल.

त्या घरात कंटकराव साळिंदर आणि त्यांची पत्नी सगुणाबाई राहत. त्यांच्या बिळाला तीन खोल्या होत्या. दोन खोल्यांना ओल होती. मागची तेवढी कोरडी होती, आणि त्या कोरड्या खोलीत कंटकरावांनी एक यंत्र मांडले होते.

यंत्राला सहा ग्राफिक्स कार्डे होती. प्रत्येक कार्डाला एक पंखा होता. ही कार्डे दिवसभर अवघड गणिते सोडवीत आणि त्याबद्दल कंटकरावांना आभासी नाणी मिळत. आभासी नाणे म्हणजे जे दिसत नाही, वाजत नाही, परंतु ज्याच्याविषयीचे बोलणे थांबत नाही असे नाणे. वीज कोठून येई, हे विचारू नये. कंटकरावांनीही विचारले नव्हते.

खंडेनवमीला सर्व जंगलाने आपापल्या हत्यारांची पूजा केली. सुतारपक्ष्याने स्वतःच्या चोचीला कुंकू लावले. कंटकरावांनी यंत्राला हळदकुंकू वाहिले, झेंडूचा लांबलचक हार घातला आणि यंत्राचे तोंड पूर्वेकडे वळवले. पूर्वेला भिंत होती. यंत्र भिंतीला जाऊन टेकले.

पूजा कोल्हेभटजींनी सांगितली. मात्र उत्तरपूजा सांगण्याआधीच त्यांना पलीकडच्या जंगलातून बोलावणे आले आणि ते दक्षिणा घेऊन गेले. उत्तरपूजा झाल्याशिवाय मांडलेली पूजा जागची हलवायची नसते, हे तुम्हांला ठाऊक असेलच. नसेल, तर घरी विचारावे.

"भटजी परत येईपर्यंत यंत्र कोणी तसूभरही हलवायचे नाही," कंटकरावांनी बजावले.

दसऱ्याला यंत्र सुरू झाले. पाऊण तासात तिसरे कार्ड तापून बंद पडले आणि त्याच्यापाठोपाठ सगळे यंत्र बंद पडले. पुन्हा सुरू केले. पुन्हा बंद पडले.

सगुणाबाईंची चिंता निराळी होती. त्यांची मुलगी बकुळी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. मार्गशीर्षात दिवस भरत होते.

"अहो, मागची खोली मला रिकामी करून द्या. ओल आलेल्या खोलीत मी बाळंतीण ठेवणार नाही."

"यंत्र दुरुस्त झाले की लगेच हलवतो. बंद यंत्र कोणी हलवते का?"

"मग दुरुस्त करा."

"हलवल्याखेरीज दुरुस्त कसे होईल?"

"मग हलवा."

"उत्तरपूजेशिवाय?"

सगुणाबाईंनी तांदूळ निवडायचे थांबवले. "म्हणजे हलवायचे तर आधी दुरुस्त हवे. दुरुस्त करायचे तर आधी हलवायला हवे. आणि दोन्हींसाठी कोल्हा हवा."

"अगदी बरोबर समजलीस," कंटकराव प्रसन्न होऊन म्हणाले.

कार्तिक लागला. कोल्हा आला नाही, म्हणून मिस्त्री हुप्पे आले. हे वानर यंत्रांच्या दुरुस्तीत वाकबगार समजले जाई. ते यंत्राच्या पाठीशी बसले. त्यांनी एका हाताने वायर बदलली, दुसऱ्याने पॉवर सप्लाय बदलला आणि शेपटीने कार्डाखालची पट्टी बदलली. हे सर्व एकाच वेळी.

यंत्र सुरू झाले. आता तिसरे कार्ड अर्ध्या तासात बंद पडले, आणि पाचवे सुरूच झाले नाही.

"प्रगती आहे," हुप्पे म्हणाले.

"कसली, भाऊजी?" सगुणाबाईंनी विचारले. "आमटी बिघडली तर मी आधी मीठ घालून चाखते, मग चिंच घालून चाखते. तुम्ही मीठ, चिंच, गूळ एकदम ओतलेत आणि वर पातेलेही बदललेत. आता बिघाड कशात होता ते कोण सांगणार?"

"वहिनी, हे हार्डवेअर आहे. आमटी नव्हे."

"आमटी असती तर एव्हाना जेवणे झाली असती."

हुप्पे चहा पिऊन गेले. जाताना त्यांना पाचव्या कार्डाची सैल राहिलेली वायर दिसली. ती त्यांनी बसवली आणि तिचे वेगळे पैसे घेतले.

मग पंडित दिवाभीत आले. हे घुबड सॉफ्टवेअरचे जाणकार. पडद्याचा उजेड डोळ्यांना सोसत नसल्यामुळे ते डोळे मिटून पडदा पाहत.

"तिसरे कार्ड तापते आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

"ते हात लावून मलाही कळते," सगुणाबाई म्हणाल्या. "का तापते?"

"थंड होत नाही म्हणून."

त्यांनी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, काढून पुन्हा घातला. कार्डाचा वेग निम्मा केला. कार्ड दीड तास चालले आणि मग बंद पडले.

"त्याचा पंखा फिरतो का, ते कोणी पाहिले आहे का?" सगुणाबाईंनी विचारले.

दोघांनीही भिंतीकडे पाहिले. पंखे भिंतीच्या बाजूला होते.

"ते पूर्वेला आहेत," कंटकराव हळूच म्हणाले.

"दिशा मी विचारली नाही."

"उत्तरपूजा झाली की बघू गं!"

मार्गशीर्ष उजाडला. थंडी पडली. बकुळी आली ती नदीच्या उतारावरून धापा टाकीतच आली. पुढच्या खोलीतल्या ओल्या भिंतीला टेकून बसताच तिच्या अंगावरचा काटान्‌काटा शहारला. षष्ठीला, भर दुपारी, तिला कळा सुरू झाल्या.

सगुणाबाई उठल्या. त्यांनी वाटीत अक्षता घेतल्या आणि मागच्या खोलीत गेल्या.

"हे काय करतेस?" कंटकराव धावत आले.

"उत्तरपूजा."

"तुला मंत्र येतो?"

"शेवटचे दोन शब्द येतात. 'पुनरागमनाय च.' पण ते मी म्हणणार नाही. पुन्हा ये, असे या यंत्राला मी का म्हणावे?"

त्यांनी अक्षता वाहिल्या. उत्तरपूजेत मांडलेली वस्तू किंचित हलवायची असते. सगुणाबाईंनी यंत्र चांगले हातभर ओढले.

भिंतीकडची बाजू उजेडात आली. पाच पंखे मोकळे होते. तिसऱ्यात झेंडूच्या हाराचे टोक आत ओढले गेले होते आणि त्याचा दोरा पंख्याच्या दांड्यावर गच्च गुंडाळला होता. फुले वाळून काळी पडली होती.

सगुणाबाईंनी यंत्र बंद केले. मग आपल्याच पाठीवरचा एक काटा उपसला, दोरा हलकेच सोडवला आणि हार पतीच्या हातात दिला.

"घ्या. तुमचा प्रसाद."

यंत्र पुन्हा सुरू झाले. सहाही पंखे फिरू लागले आणि खोली हळूहळू उबदार झाली.

"आता बाहेर काढा हे," सगुणाबाई म्हणाल्या. "दुरुस्त झाले. उत्तरपूजाही झाली."

तोवर बकुळी भिंतीला धरून आत आली होती. तिने यंत्राच्या वाऱ्यापुढे पाठ केली आणि डोळे मिटले. "आई, राहू दे गं ते. किती छान ऊब येते आहे!"

सगुणाबाईंनी सहाही कार्डांकडे पाहिले. मग बाळंतिणीसाठी आणून ठेवलेल्या बाजेकडे पाहिले. मग त्यांनी बाज यंत्राजवळ सरकवली आणि शेगडी पेटवायला आणलेला कोळसा परत ठेवून दिला.

दिवस मावळायच्या आत बकुळीला दोन पिल्ले झाली. दोन्ही सुखरूप. त्यांना सर्वांत चांगला शेक तिसऱ्या कार्डाचा मिळे.

पुढे हुप्पे म्हणत, वायर मी बदलली होती. दिवाभीत म्हणत, वेग मी कमी केला होता. कंटकराव म्हणत, यंत्र मी मुळी शेकासाठीच मांडले होते. सगुणाबाई काही म्हणत नसत; बाळंतिणीच्या घरात बोलायला वेळ कोणाला असतो? त्या यंत्रावर दुपटी वाळत घालीत, पंखे सोडून.

अशा रीतीने हे प्रकरण शके एकोणीसशे त्रेचाळीस, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, गुरुवार, या दिवशी कायमचे मिटले.

तात्पर्य : यंत्राची पूजा अवश्य करावी, त्याला लांबलचक हार घालावा आणि त्याचे तोंड भिंतीकडे करावे. हार नसेल, तर बिघाड होणार नाही. बिघाड झाला नाही, तर जाणकार उपाशी मरतील, आणि घरातल्या कोरड्या खोलीत बाळंतिणीला जागा मिळावी, ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच येणार नाही.