वासूनानांच्या फाटकावरची करवंटी

आपल्याकडे घरात शिरताना चपला काढतात. आमच्या शेजारच्या वासूनानांकडे चपला घालून गेलात तरी चालतं, पण छातीवर काही लावलेलं असेल तर ते फाटकाशीच काढावं लागतं. फाटकाच्या चिऱ्याच्या खांबाला सुतळीने एक मोठी करवंटी बांधलेली आहे. खिशावरचा बिल्ला, नावाची पट्टी, गळ्यातलं ओळखपत्र, लग्नातून येताना राहिलेलं गुलाबाचं फूल, जे असेल ते तिच्यात टाकायचं आणि मग आत यायचं. जाताना आठवणीने उचलून न्यायचं. "छातीवरचा भायर, माणूस भितुर!" हे नानांचं स्वागताचं वाक्य. मी शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन आचऱ्याला राहायला आले तेव्हापासून मी ते ऐकते आहे. जुनी माणसं सांगतात की त्याआधीही तेच होतं.

मिहिर, सानिका, तुम्ही दोघं गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुमच्या तिकडे परदेशात नोव्हेंबरात लावतात त्या लाल कागदी पॉपीच्या फुलावरून माझ्यासमोर भांडलात. मिहिरचं म्हणणं, युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी एवढंसं फूल कोटावर लावता येत नसेल तर आपण कसली माणसं? सानिकाचं म्हणणं, ऑफिसात सगळे लावतात म्हणून घाबरून लावलं, तर ते फूल राहत नाही, हजेरी होते. मग दोघंही "आजी, तूच सांग" म्हणून माझ्याकडे वळलात आणि नेमकी तेव्हाच इथली वीज गेली. मला ते सोयीचंच झालं, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. माझ्याकडे वासूनाना आहेत.

नाना सत्तरीचे. उंच, काळे, सडसडीत. अंगात बारा महिने बिनखिशाचा गंजीफ्रॉक. "खिसो इलो की कोणतरी तेच्यार कायतरी टोचूक येता," असं ते म्हणतात. लग्न केलं नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरात एक बाईलमाणूस वाट बघता ता पुरे. दोघां जणी वाट बघूक बसल्यो तर जेवाण कोण करतलो?"

ही वाट बघणारी म्हणजे त्यांची वहिनी. नानांचा थोरला भाऊ, ज्याला गाव दादा म्हणायचं, नौदलात होता. एकाहत्तरच्या युद्धात त्याची बोट बुडाली. देह परत आला नाही. त्यानंतर कुंकू पुसायला आणि बांगड्या फोडायला गावातल्या बायका आल्या, तेव्हा सतरा वर्षांचे नाना नारळ फोडायचा कोयता घेऊन फाटकात उभे राहिले. त्या बायकांपैकी ज्या अजून आहेत त्यांना तो कोयता स्पष्ट आठवतो. पुन्हा कोणी गेलं नाही. वहिनी आजही ठसठशीत कुंकू लावतात, केसांत अबोलीचा वळेसर माळतात. मला तो त्यांचा बाणेदारपणा वाटायचा. गावाला वेड वाटायचं. मी आपली मनातल्या मनात गावाला कमी मार्क द्यायचे.

करवंटीच्या कथा तर कितीतरी आहेत. एकदा एसटी नानांच्या दारात बंद पडली आणि कंडक्टर पाणी प्यायला आला. त्याचा बिल्ला करवंटीत राहिला आणि एसटी गेली. नाना मागच्या गाडीने मालवणपर्यंत जाऊन बिल्ला पोचवून आले, लुंगीच्या गाठीत बांधून. एका निवडणुकीत तर कहर झाला. सकाळी एका पक्षाची मंडळी येऊन गेली, त्यांतला एक बिल्ला करवंटीत राहिला. दुपारी दुसऱ्या पक्षाचे उमेदवार आले. निघताना त्यांनी घाईत हात घातला, हाताला लागलं ते खिशाला लावलं आणि विरोधकांचा बिल्ला छातीवर मिरवत सबंध वाडी फिरून हात जोडून आले. नाना फाटकात उभे राहून म्हणाले, "माणूस तोच. काय फरक पडलो?"

तुमचा कॉल झाल्यावर, मिहिर, तू मागच्या खेपेला आणलेलं ते लाल फूल मी कपाटातून काढलं, पदराला खांद्यापाशी टोचलं आणि मालवणला बाजाराला गेले. म्हटलं, बघू या, लावल्यावर कसं वाटतं. मासेवालीने पापलेट तोलता तोलता विचारलं, "बाई, ह्यो नवीन पक्ष खंयचो?" रिक्षावाला म्हणाला, "एड्सचा मा ता? चांगला काम करतास." औषधाच्या दुकानातल्या माणसाला मी फुलाचं नाव सांगितलं तर तो आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे अफूचं? जपून हां बाई." मी प्रत्येकाला थांबून व्यवस्थित समजावून सांगितलं. माझी कोळंबी तेवढ्यात दुसऱ्या कोणी नेली.

परत येताना नाना फाटकात उभे होते. करवंटीकडे बोट दाखवून हसले. "बाई, तुमी पण?"

"नाना, हा बिल्ला नाही," मी म्हटलं. "लढाईत गेलेल्या सैनिकांची आठवण म्हणून..."

"हळू बोला!"

असा आवाज मी नानांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं आणि माझ्या तोंडावर फाटक लावून घेतलं. मी पापलेटाची पिशवी घेऊन भर रस्त्यात उभी. शेजारधर्माच्या इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. घरी येऊन मी दोन ग्लास पाणी प्यायले.

फूल मी शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांनाही दाखवलं होतं. ते उत्साही गृहस्थ. डिसेंबरातल्या सैनिकांच्या ध्वजदिनासाठी त्यांनी मुलांकडून लाल क्रेप कागदाची तसलीच फुलं करून घेतली. वर ठरवलं की शाळेचा माजी विद्यार्थी म्हणून दादाच्या फोटोला हार घालायचा आणि वहिनींना मंचावर बोलावून वीरपत्नी म्हणून सत्कार करायचा. आमंत्रण द्यायला सबंध सातवीचा वर्ग, छातीवर फुलं लावून, रांगेने नानांच्या दारात आला.

नाना फाटकात आडवे आले. "एक फूल आत येवचा नाय!"

बरोबरच्या शिक्षिका म्हणाल्या, "अहो, हे तुमच्या भावासाठीच आहे."

"माझ्या भावाक कसली फुलां? काढा! सगळ्यांनी काढा!"

मुलांनी घाबरून फुलं काढली. करवंटी भरली, मग फुलं खाली मातीत पडायला लागली. कोणीतरी मोबाईलवर हे टिपलं. दुपारपर्यंत ते प्रत्येकाच्या फोनवर होतं.

मग गाव जे बोललं ते ऐकून माझे कान तापले. "सख्खो भाव, आणि शहिदाचा फूल काढूक लावता?" "देशाचा तेका काय पडलला नाय." ज्यांनी आयुष्यात कधी कागदी झेंडा टाचणीने खिशाला टोचला नाही, ते दुसऱ्या दिवसापासून खिशावर झेंडा लावून चहाच्या टपरीवर बसू लागले. ज्याच्या खिशावर नाही त्याला ज्याच्या खिशावर आहे तो विचारी, "काय रे, नानाच्या बाजूचो काय तू?" मग तोही संध्याकाळपर्यंत लावून येई. सानिका, मला तुझी हजेरी आठवली. पण चार-पाच म्हातारे असेही होते, ज्यांची मुलं खरोखर फौजेत आहेत. ते झेंडा लावून गप्प बसायचे. त्यांच्याकडे पाहिलं की मिहिर खरा वाटायचा.

नाना दोन दिवसांनी माझ्या पडवीत आले. मी मुद्दाम चांगल्या कपबशा काढल्या होत्या.

"बाई, हेडमास्तराक तुमी सांगा. तुमचा तो आयकतलो. फोटो लावू नको. लावलो तर हार घालू नको. घातलो तर लाउडस्पीकर लावू नको. शाळेतसून आमच्या घरात सगळा आयकाक येता."

"अहो पण का?"

नानांनी कप बाजूला सारला. "वहिनीक ठावक नाय."

"काय ठाऊक नाही?"

"दादा गेलो ता."

माझ्या हातातली बशी सुटली. सहाच्या सेटातली, तुमच्या आजोबांनी आणलेली. आम्ही दोघांनीही खाली पाहिलं नाही.

"नाना, पन्नास वर्षं झाली!"

"सांगूक कोणाक दिलंयच नाय मी."

"आणि पेन्शन येते ती?"

"दादाचो पगार म्हणान देतंय."

"त्या विचारत नाहीत, दादा का येत नाही म्हणून?"

"पयली इचारी. मी सांगा, बोट लांब गेली हा. मगे इचारूचा बंद केल्यानी." ते उठले. "एवढा वय झाला तेंचा. आता तेंका धक्को बसलो तर मी एकटो काय करतलंय, बाई?"

त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी प्रथमच ऐकलं. ते गेल्यावर मी बशीचे तुकडे गोळा केले आणि मुख्याध्यापकांकडे गेले. बिचाऱ्यांनी सत्कार रद्द केला. फोटो मात्र शाळेचा, तो लागणारच. स्पीकरचं तोंड पलीकडे फिरवतो म्हणाले.

तरी मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मासळीसाठी किनाऱ्यावर गेल्यावर मी शेजारी गेले. वहिनी तांदूळ निवडत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "वासून धाडल्यान तुमका?"

"नाही... सहज आले."

"सहज येताना कोण असा तोंड करून येत नाय गो." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "शाळेत ह्यांच्या फोटोक हार घालतले, ताच मा?"

मी खाली चटईवरच बसले. "तुम्हाला माहीत आहे?"

"ह्यांच्या बोटीवरचो एक माणूस इल्लो तेव्हा. छातीर काळी फीत. वासू फाटकार उभो, मिसरूड धड फुटूक नाय होता तेका. तेना त्या माणसाक सांगल्यान, 'ह्या काढा, मगे आत येवा.' मी खिडकीतसून बघी होतंय. त्या माणसान काढल्यान, खिशात घातल्यान. आत येवन बसलो. मी जेवाक वाढलंय. मुकाट्यान जेवलो. पण सांगूक काय तेच्या तोंडातसून शब्द फुटलो नाय. 'येतंय' म्हणान गेलो."

"मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगूक कित्याक होया? फीत काढताना बघितलंय नाय काय मी!"

मी त्यांच्या कपाळाकडे पाहत होते. ते त्यांच्या लक्षात आलं.

"सांजचो माझ्याकडे इलो. म्हणता, 'वहिनी, दादा येतलो हां. तुमी कुंकू काढू नको.' आवस-बापूस आधीच गेलले. दादाशिवाय कोण होतो तेका? म्हटलंय, र्‍हवांदे." त्यांनी पुन्हा सूप ओढलं आणि तांदळातला खडा टिपून बाहेर टाकला. "आता मी तेका खंयच्या तोंडान सांगू, का बाबा, तुजो दादा गेलो म्हणान?"

"तुम्ही कधी रडलात तरी?"

"कांदे मोप लागतत आमच्या घरात," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या.

त्या दिवशी माझं दुपारचं जेवण उशिरा झालं, जे माझ्याकडे होत नाही.

ध्वजदिनाला सकाळी मी नानांच्या पडवीत जाऊन बसले. नाना सारखे आत-बाहेर करत होते. स्पीकरचं तोंड पलीकडे होतं, पण वारा नेमका शाळेकडून होता. मुलांची गाणी, पाहुण्यांचं भाषण, सगळं अंगणात स्वच्छ ऐकू येत होतं. नानांनी रेडिओ लावायला घेतला, त्याचे सेल संपलेले. मग मोठमोठ्याने माझ्याशी भरती-ओहोटीबद्दल बोलू लागले. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा आवाज आला, "आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी, आपल्या गावाचे सुपुत्र..."

नानांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

आणि आत मिक्सर सुरू झाला. घर्रर्र करून असा, की दादाचं नाव, बोटीचं नाव, टाळ्या, काही म्हणता काही ऐकू येईना. बराच वेळ तो चालूच होता. नाना हळूहळू खांबाला टेकून खाली बसले.

"वाचलंय, बाई," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "तेंका आयकाक गेला नाय."

पाणी हवं असं सांगून मी आत गेले. वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, मिक्सरच्या झाकणावर दोन्ही हात दाबून. झाकण पारदर्शक आहे. भांड्यात काही नव्हतं.

शाळेतल्या टाळ्या संपल्या तसं त्यांनी बटण बंद केलं.

"वहिनी!" बाहेरून नानांचा आवाज आला, पहिल्यासारखा, खणखणीत. "कसला वाटाप केल्यात इतक्या?"

"बांगड्याचा रे," वहिनी म्हणाल्या आणि ते रिकामं भांडं धुवायला घेतलं.