दहा मिनिटं गेली कुठं?

सांगलीतल्या त्या एकांकिका स्पर्धेत पडदा पाडण्यावरून दरवर्षी भांडण व्हायचं. वेळ संपली की स्पर्धाप्रमुख गंगाधरकाका घंटा वाजवायचे आणि रंगमंचावरचे कलाकार ती ऐकूच न आल्याचा अभिनय करायचे. नाटकात कितीही कच्चे असले तरी हा अभिनय सगळ्यांना उत्तम जमायचा. गेल्या वर्षी तर एका दिग्दर्शकाने घंटेसकट काकांचा हातच धरून ठेवला. म्हणून या वर्षी काकांनी आपल्या पुतण्याला गाठलं.

"सुमंत, तू कुपवाडच्या कारखान्यांसाठी यंत्रं वेळेवर बंद करायचे प्रोग्रॅम लिहितोस ना? मग मला एक पडदा पाडून दे."

"त्यात काय काका, मोटर लावू. बटण दाबलं की पडेल."

"बटण नको. बटण म्हटलं की ते दाबणारा माणूस आला, आणि माणूस आला की भांडण आलं. वेळ संपली की त्याचा त्यानं पडला पाहिजे. आणि एकदा पडला की कुणी कितीही गळा काढला तरी पुढच्या प्रयोगापर्यंत उघडता कामा नये."

सुमंतला काम आवडलं. त्याने प्रोग्रॅममध्ये 'नियमाची वेळ' अशी एकच गोष्ट ठेवली आणि सगळे प्रयोग, लाल दिवा, इशाऱ्याची घंटा, सगळ्यांना तिच्याकडे बोट दाखवून मोकळा झाला. एकदा लिहिलं, सगळीकडे चाललं. कधी एखाद्या संघाला वेळ वाढवून द्यावी लागली तर तेवढी सोय मात्र त्याने ठेवली.

स्पर्धेच्या दिवशी तो विंगेत लॅपटॉप घेऊन बसला. त्याच्या ऑफिसातली उत्कर्षा नाटकं बघायला आली होती, तीही शेजारी खुर्ची ओढून बसली. पहिला संघ मेढ्याचा होता. त्यांचं नाटक रंगात आलं आणि वीज गेली. ती परत आल्यावर काकांनी न्याय केला, "मेढ्याला दहा मिनिटं वाढवून." सुमंतने ती वाढवली. मेढ्याचं नाटक ठरल्या जागी संपलं, पडदा अलगद खाली आला आणि काकांनी पुतण्याकडे असं पाहिलं, की जणू मोटर त्यांच्याच घराण्यातली होती.

दुसरा संघ एका कॉलेजचा होता. त्यांनी नियमाच्या वेळेत चपखल बसेल अशी शोकांतिका बसवली होती. नायक मेला, नायिकेने हंबरडा फोडला, आता पडदा पडायचा. पण तो पडेना. नायिकेने दुसरा हंबरडा फोडला. मग तिसरा, जरा खालच्या पट्टीत. मेलेल्या नायकाला डास चावत होते. त्याने आधी अंगठा हलवला, मग हळूच पोटरी खाजवली. पहिल्या रांगेतल्या आजीबाई चष्मा सावरून पुढे सरकल्या. आतून काहीतरी खुसफुस झाली आणि डॉक्टरचं काम करणारा मुलगा पुन्हा रंगमंचावर आला. त्याने मृताची नाडी धरली आणि मोठ्याने म्हणाला, "अजून थोडी धुगधुगी आहे!"

मग मृत नायक उठून बसला आणि त्याने पाणी मागितलं. लोक खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले. नायिकेने मात्र त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा आडवा झाला. तेव्हा कुठे पडदा पडला.

काका विंगेत आले ते हाताची घडी घालूनच.

"सुमंत, मी दहा मिनिटं मेढ्याला दिली होती. ती कॉलेजला कशी मिळाली?"

सुमंतलाही हाच प्रश्न पडला होता. राग, लाज हे सगळं नंतर. आधी त्याला हे कळायला हवं होतं, की एकाला दिलेली वेळ दुसऱ्याकडे गेली कशी. उत्कर्षाने वाकून त्याचा प्रोग्रॅम वाचला आणि कपाळाला हात लावला.

"काका, यानं शाळेसारखा एकच फळा ठेवलाय," ती म्हणाली. "त्यावर नियमाची वेळ लिहिलीय आणि सगळे तिथंच बघतात. मेढ्यासाठी यानं तो फळाच पुसून वाढवून लिहिला. मग पुढच्यांनाही तेच दिसणार."

"मग फळा पुन्हा पुसा!"

"पुसता येईल तोवर हे होतच राहणार. वेळ अशी ठेवायची की ती कुणाला बदलताच येणार नाही. बांगडीसारखी. बांगडी ओढून मोठी होते का? मोठी हवी तर कासार मोठी काढून देतो. पहिली आहे तेवढीच राहते."

काकांना बांगडी पटली. सुमंतला तर फारच पटली. जेवणाच्या सुट्टीत सगळे पुरी-भाजीकडे गेले तेव्हा त्याने 'नियमाची वेळ' काढून तिथे न बदलणारी वेळ घातली. प्रोग्रॅम मुकाट्याने चालला. लॅपटॉपच्या पडद्यावर 'दहा मिनिटे वाढवली' असा संदेशही येत होता. तो संदेश लिहिणारा सुमंतच आणि त्यावर विश्वास ठेवणाराही सुमंतच.

दुपारी आटपाडीचा संघ आला. दिग्दर्शक, लेखक आणि नायक असे तिन्ही भाऊसोच होते. एकांकिकेचं नाव 'कानामागची खूण'. मेंढरांमागे रानोमाळ हिंडताना एका आईचा लहानगा हरवतो आणि कैक वर्षांनी एक बाप्या दारात येऊन म्हणतो, 'आये, मी तुजा ल्योक.' खरा मुलगा असेल तर त्याच्या कानामागे डागाची खूण असणार. आईचं काम तानुबाई करत होत्या. साठी उलटलेल्या या बाईंनी यापूर्वी रंगमंच फक्त लांबून पाहिला होता, पण त्या नुसत्या उंबऱ्यात बसल्या तरी लोकांना त्यांच्यामागे घर दिसायचं.

भाऊसोंनी खरं कोकरू आणलं होतं. त्याला दिव्यांची भीती वाटली आणि ते थेट प्रेक्षकांत घुसलं. "आरं धरा, धरा! खालनं जातंय त्ये!" असा आरडाओरडा करत निम्मं सभागृह खुर्च्यांखाली वाकलं. शेवटी ते परीक्षकांच्या टेबलाखाली सापडलं.

"आवं काका," भाऊसो घाम पुसत म्हणाले, "यात आमची लय येळ गेली. शेवटाला माजं भाषण हाय. दोन पानांचं. समदं नाटक त्येच्यासाठीच रचलंय."

काकांनी दहा मिनिटं दिली. सुमंतने ती वाढवली. संदेश आला. सगळं ठीक होतं.

नाटक पुन्हा सुरू झालं आणि थोड्याच वेळात सभागृहात खोकलासुद्धा ऐकू येईना. सुमंत लॅपटॉप विसरून बघत राहिला. तानुबाई उठल्या. समोर भाऊसो मान खाली घालून उभे. तानुबाईंचा हात हळूहळू वर गेला, भाऊसोंच्या कानाकडे वळला, बोटं केसांत शिरली...

आणि पडदा पडला.

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पडद्यामागून येणारी भाऊसोंची "आरं थांबा! आजून हाय की!" ही आरोळी कुणाला ऐकूच गेली नाही.

"सुमंत," काका धावत आले, "मी यांना दहा मिनिटं दिली होती. ती गेली कुठं?"

आता मात्र सुमंत चक्रावला. सकाळी दहा मिनिटं नको तिथे गेली होती. दुपारी ती कुठेच नव्हती. त्याने पुन्हा पुन्हा वाचलं. मग उत्कर्षाने बोट ठेवलं आणि हसू आवरत म्हणाली, "तू कासाराला मोठी बांगडी काढायला सांगितलीस. त्यानं काढली. पण तू ती घेतलीच नाहीस! जुनीच हातात घालून घरी आलास."

"म्हणजे?"

"जुनी वेळ बदलत नाही म्हटल्यावर तिच्यात दहा मिनिटं मिळवली की नवी वेळ तयार होते. ती कुठंतरी ठेवून वापरायला नको का? तू मिळवलीस आणि सोडून दिलीस."

सुमंतला ते इतकं स्वच्छ दिसलं, की क्षणभर त्याला आनंदच झाला. तेवढ्यात भाऊसो समोर उभे राहिले आणि आनंद संपला.

"चूक माझी आहे," सुमंत म्हणाला. "दहा मिनिटं तयार झाली होती, पण मी ती धरली नाही."

"धरली न्हाई? कोकरू हुतं का त्ये?" भाऊसो कडाडले. "चार म्हैनं तालीम केली गड्या! येक येक शबूद पाठ हाय मला. आनि तुजी मोटर माज्या तोंडावर दार लावती व्हय?"

पडदा उघडता येत नव्हता. तशी काकांचीच ताकीद होती. काका परीक्षकांना खरं काय ते सांगून आले. पण परीक्षक म्हणाले, आम्ही जे पाहिलं त्यालाच गुण देणार. भाऊसो व्हरांड्यात तक्रारअर्ज खरडत बसले. त्यांच्याभोवती मात्र प्रेक्षकांची गर्दी वाढत चालली होती. "अहो, तो तिचा मुलगा होता की नव्हता?" "खूण होती का?" एक गृहस्थ तर परतीची गाडी सोडून थांबले होते. संध्याकाळी निकाल लागला. आटपाडी पहिली. मुख्य परीक्षक म्हणाले, "अलीकडे प्रत्येकाला शेवटी भाषण करायचा मोह होतो. या लेखकानं तो टाळला. यालाच संयम म्हणतात."

संयमी लेखकाने तक्रारअर्ज घडी घालून खिशात ठेवला.

अंतिम फेरी साताऱ्यात होती. तिथला पडदा दोरीने ओढायचा होता. तालमीच्या वेळी संघात दोन तट पडले. भाऊसोंना भाषण परत हवं होतं आणि बाकी सगळ्यांना बक्षीस. शेवटी तानुबाईंनी निकाल दिला, "पडदा हात कानाशी गेला की पडंल. आनि दोरी त्या सांगलीच्या पोराच्याच हातात द्या. त्येचा हात गुणाचा हाय." भाऊसोंनी मान डोलावली, पण ती जरा लवकरच डोलावली असं सगळ्यांना वाटलं.

अशा तऱ्हेने सुमंत साताऱ्याच्या रंगमंचाच्या विंगेत दोरी धरून उभा राहिला. ना लॅपटॉप, ना मोटर. काम एकच, हात कानाशी गेला की ओढायची. नाटक सुरू झालं. कोकराला यावेळी आटपाडीलाच ठेवलं होतं. सगळं सुरळीत चाललं आणि तो क्षण आला. तानुबाई उठल्या. हात वर गेला. बोटं केसांत शिरली.

गेले कित्येक दिवस सुमंत हाच विचार करत होता: खूण असेल की नसेल? आता त्या बाईंचा चेहरा त्याला अगदी जवळून दिसत होता. त्या कानामागे पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. काय हललं? सुमंतने दोरी धरूनच मान पुढे केली.

पडदा पडला नाही.

भाऊसोंच्या ते लक्षात आलं. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, छाती भरून श्वास घेतला आणि उजवा हात उचलला. दोन पानं त्यांच्या ओठांवर येऊन उभी राहिली. समोरच्या विंगेतून संघातली माणसं सुमंतकडे बघून दोरी ओढायच्या खुणा करू लागली. सुमंतचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आये..." भाऊसोंनी सुरुवात केली.

तानुबाईंनी कानामागचा हात पुढे आणून त्यांच्या तोंडावर ठेवला. क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "आदी दोन घास खाऊन घे. मग बगू कुनाचा हाईस त्ये."

आणि त्यांचा दंड धरून त्या त्यांना घरात घेऊन गेल्या.

रिकाम्या रंगमंचावर नुसता उंबरा राहिला. सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. तेव्हा सुमंत भानावर आला आणि त्याने दोरी ओढली.

रात्री ढाल घेऊन सगळे टेम्पोतून परत निघाले. भाऊसो कोपऱ्यात बसले होते. साताऱ्याचे दिवे मागे पडल्यावर सुमंतला राहवेना. तो तानुबाईंकडे सरकला.

"मावशी, एक विचारू? तुम्ही कानामागं बघितलंत तेव्हा... तो तुमचाच मुलगा होता ना?"

"मला रं काय ठावं?" तानुबाई म्हणाल्या.

"म्हणजे? नाटकात शेवटी काय होतं ते तुम्हाला माहीत नाही?"

"त्ये त्येच्या भाषनात असतंय. तालमीला ह्येचं भाषन सुरू झालं की मी चा ठेवाय उटायची. कंदी ऐकलंच न्हाई." मग त्या कोपऱ्याकडे वळल्या. त्यांच्याही चेहऱ्यावर आता कुतूहल होतं. "व्हय रं भाऊसो, त्यो माजा हुता का न्हाई?"

टेम्पोतली सगळी माणसं भाऊसोंकडे वळली. भाऊसोंनी घसा साफ केला. हलत्या टेम्पोत एका हाताने वरचा दांडा पकडून ते उभे राहिले, आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून त्यांनी सुरुवात केली.

कराड येईपर्यंत कुणी चहाचं नावसुद्धा काढलं नाही.