भिमाक्काचे सरबत आणि झिंगलेला दरबार

एका जंगलात, बाळांनो, खरे बोलायला बंदी नव्हती. फक्त ते पिऊन बोलायचे, एवढीच रीत होती.

म्हणजे असे. दर उन्हाळ्यात राजा वाघोजीराव सगळ्या प्रजेला दुपारचे जेवण घालत. जेवणाआधी मोहाच्या फुलांची दारू असे. ती पोटात गेली की एखादे हरीण उठून म्हणे, "महाराज, माझ्या भावाला खाल्लंत, हे काही बरं केलं नाहीत." दुसऱ्या दिवशी हरीण येऊन कान पकडे. "काल जरा जास्त झाली, महाराज." महाराज म्हणत, "असू दे. पिण्याच्या भरात कोणीही काहीही बोलतं." प्रकरण तिथेच मिटे.

वर्षभर साचलेले बाहेर पडे आणि कोणाची मान मोडत नसे. मला तर ही रीत फार शहाणपणाची वाटते. तुमच्या शाळेत ती सुरू करा असे मात्र मी म्हणत नाही. उगाच घरी जाऊन माझे नाव सांगाल.

एका वर्षी राजाचे पोट दुखू लागले. वैद्य होता सुतारपक्षी. त्याने राजाच्या पोटावर टकटक ठोकून पाहिले आणि सांगितले, "आत पोकळ वाजतंय. दारू बंद."

"मी प्यायची नाही, मग बाकीच्यांनी का प्यावी?" राजा म्हणाला. प्रधान तरस यावर मोठ्याने हसला. राजा काहीही बोलला तरी हसायचे, याचाच त्याला पगार होता.

लगेच दवंडी पिटली. यंदाच्या जेवणाला दारू नाही. त्याऐवजी घरी केलेले, थंडगार, बिननशेचे लिंबूसरबत. आणि ते करणार भिमाक्का.

भिमाक्का म्हणजे ओढ्याकाठची साळिंदरीण. लिंबाच्या झाडाखाली तिचे बीळ होते. झाड तिच्या आजेसासूने लावलेले. भिमाक्काला त्या झाडाचा फार अभिमान होता, आणि त्याहून जास्त आपल्या सरबताचा.

तिने लिंबे दगडावर तळपायाखाली दाबून गोल गोल फिरवली, म्हणजे रस मोकळा होतो. माठातल्या पाण्यात आधी साखर विरघळवली. जंगलात साखर कुठून आली असे ज्याला विचारायचे असेल त्याने बाहेर जाऊन बसावे. मग चिमूटभर मीठ, कुटलेला वेलदोडा, आणि सगळ्यात शेवटी लिंबू.

"अगं, अजून पीळ की. साल अजून ओली आहे," तिचा नवरा गेंदू म्हणाला.

"साल पिळली की कडू होतं. तुम्ही नुसते बसा बघू," भिमाक्का म्हणाली. गेंदू बसला. तेवढे त्याला चांगले जमत असे.

जेवणाच्या दिवशी सगळे सरबत प्यायले. जीव गार झाला. आणि मग सगळे एकमेकांकडे बघत बसले.

कारण डोकी ताळ्यावर होती, आणि पोटात वर्षभराचे साचलेले होते.

दामू रानडुक्कर तर वर्षभर भाषण पाठ करत होता. राजाने त्याचे चिखलाचे डबके आंघोळीसाठी बळकावले होते. दामूने रिकाम्या पेल्याकडे पाहिले. डोळे मिटले. हळूच डावीकडे झुकला, मग उजवीकडे. आणि अडखळत म्हणाला, "महाराज, तुम्ही डबकेचोर आहात."

सगळ्यांच्या ध्यानात आले. घटकाभरात अख्खी सभा झोकांड्या खाऊ लागली. अस्वल झाडाला मिठी मारून रडले. प्रधान तरस टेबलावर चढला आणि म्हणाला, "महाराज, तुमच्या विनोदांवर मला आजवर एकदाही हसू आलेलं नाही."

हे सगळे पाहून राजालाही राहवेना. तो डुलत डुलत उठला.

"मला डरकाळी येत नाही," तो म्हणाला. "मी नुसतं तोंड उघडतो. आवाज राणीसाहेब काढतात, मागून, गुहेतून." आणि हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबारात रांग लागली. कान पकडून एकेक जण म्हणू लागला, "काल जरा जास्त झाली, महाराज."

"मलाही," राजा घाईने म्हणाला.

सुतारपक्षी भाबडा होता. तो म्हणाला, "पण काल तर सरबत होतं ना?"

सरबतच असेल, तर जो तो शुद्धीत बोलला होता. दामू शुद्धीत. प्रधान शुद्धीत. आणि महाराजसुद्धा.

"त्यात काहीतरी घातलेलं होतं," प्रधान म्हणाला. सगळ्यांनी जोरजोरात माना हलवल्या. भिमाक्काला बोलावणे गेले.

आरोप असा की तिने राजाला फसवून नशा दिली. शिक्षा अशी की लिंबाचे झाड तोडायचे आणि तिने जंगल सोडायचे. त्या झाडाखाली तिची लेकरे वाढली होती.

"मी काही घातलं नाही," ती म्हणाली.

प्रधान तिला बाजूला घेऊन कुजबुजला, "अक्का, जरा आंबलं होतं, असं म्हणून टाका. चुकून झालं म्हणू. झाड वाचेल."

"अगं, म्हण की," गेंदू म्हणाला.

"सकाळी पिळलेलं माझं सरबत दुपारी आंबेल?" भिमाक्काचे काटे उभे राहिले. "झाड गेलं तरी चालेल, पण हे मी म्हणणार नाही. माठ आणा. तुमच्यासमोर करून दाखवते."

माठ आला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिने सरबत केले. लिंबू, साखर, मीठ, वेलदोडा, पाणी. दुसरे काही नाही. पहिला पेला राजाला दिला.

राजा प्यायला. दरबार टक लावून बघत होता. राजा सरळ उभा राहिला असता, तर डरकाळीचे खरे ठरले असते. राजाने जरा विचार केला. मग त्याचा डावा पाय लटपटू लागला. त्याने मागे वळून मऊ गवत कुठे आहे ते पाहिले आणि धाडकन त्यावर पडला.

मग सगळे पडले. अस्वलाला अजून पेला मिळालाच नव्हता, तेही पडले.

"झाड तोडा," राजा आडवा पडल्यापडल्या म्हणाला. "आजच."

भिमाक्काने माठ उचलला, तोंडाला लावला आणि उरलेले सगळे सरबत पिऊन टाकले. तोंड पुसले. आणि काटे खुळखुळवत मस्तपैकी डुलू लागली.

"महाराज, मलाही चढली," ती म्हणाली. "आता ऐका. तुमच्यासारखा भित्रा राजा मी पाहिला नाही. डरकाळी राणीसाहेबांची आहे हे अख्ख्या जंगलाला माहीत आहे, त्यांना मधूनच खोकला येतो. काल कोणालाही चढली नव्हती. आज तुम्ही जागा बघून पडलात. आणि हा तुमचा हुकूम म्हणजे शुद्ध गाढवपणा आहे."

राजाने मान वर केली. प्रधानाने मान वर केली. तिला शिक्षा करावी, तर ती शुद्धीत आहे असे म्हणावे लागत होते. ती शुद्धीत, तर सगळेच शुद्धीत.

"असू दे," राजा पडूनच म्हणाला. "पिण्याच्या भरात कोणीही काहीही बोलतं."

"तर काय," भिमाक्का म्हणाली. "हुकूमसुद्धा देतं."

एवढे बोलून ती गेंदूला घेऊन घरी गेली. झाड तोडायला कोणी गेले नाही. झिंगलेल्या राजाचा हुकूम मोडला तर पाप लागते की पाळला तर, हेच कोणाला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी कोणीतरी खाकरले. भिमाक्का बिळातून बाहेर आली. समोर राजा वाघोजीराव एकटेच उभे होते, कान पकडून.

"उन्हातून आलात," भिमाक्का म्हणाली. "सरबत देते. पण आज पडू नका महाराज. इथं खाली सगळे काटे आहेत."

तात्पर्य: खोटे कधी बोलू नये. खरे बोलायचे असेल, तर घरात लिंबे ठेवावीत.