मधी कुणी नाय

आमच्या नामदेव भाऊजींनी शेजारच्या लग्नात मुहूर्तमेढ तेलाच्या रिकाम्या ड्रममध्ये रोवायला लावली. भटजी कुंकू घेऊन उभे, नवरीचा बाप पहार घेऊन उभा, आणि भाऊजी मधे काठी आडवी धरून. "हितं खांदायचं न्हाई. खाली लाईन हाय." शेवटी ड्रममध्ये माती भरली, मेढ रोवली आणि कार्य पार पडलं. मी ओवाळायचं ताट घेऊन उभी होते. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं, पण धरणीच्या पोटात लाईन होती.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. खोडदकडे जाणाऱ्या रस्त्यावर द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे. त्या पॅकहाऊसवाल्यांच्या कॉम्प्युटरचं सगळं काम मुंबईतल्या एका क्लाऊड कंपनीच्या मशिनींवर चालतं. तिथपर्यंत त्यांनी स्वतःची वेगळी लाईन घेतली आहे, तिच्यावरून दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. ती आमच्या दारासमोरून, रस्त्याच्या कडेने जमिनीतून गेली आहे. कुणी खोदताना ती तोडू नये म्हणून ठेकेदाराने भाऊजींना राखणीला ठेवलं. तेव्हापासून कुणी शेळीचा खुंटा ठोकला तरी भाऊजी चप्पल न घालता धावतात.

येईल त्या पाहुण्याला ते बसवून सांगतात, "पावणं, गावचं इंटरनेट म्हंजी बेल्ह्याचा बाजार. गुरं, टेम्पो, मोटारसायकली, सगळी एकात एक. आमची लाईन म्हंजी आपल्या बांधावरनं आपली वाट. हितनं निघायचं ते थेट ढगात. मधी कुणी नाय!"

आणि हे सांगणारा माणूस पाठच्या भावाशी बोलतो तो माझ्यामार्फत.

आमच्या ह्यांनी पूर्वी एकदा न विचारता बैल विकला. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, घराच्या मधोमध भिंत आली आणि मी त्या दोघांत अडकले. मला आधीच चार माणसांत तोंड उघडायची चोरी. अंगणात दोघं तीन हातांवर उभे असतात. भाऊजी म्हणतात, "सुमन, त्याला सांग, मोटर बंद कर." ह्यांना ऐकू गेलेलं असतं. तरी मी म्हणते, "मोटर बंद करा म्हणतात." हे म्हणतात, "त्याला सांग, केली." मी ते परत सांगते. एकदा वैतागून मी गप्पच राहिले, तर दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले आणि मोटर चालूच.

यंदा रस्त्यापलीकडच्या रानात आम्ही कांदा केला. विहीर अलीकडे, पाईप रस्त्याखालून. ऐन कांदा पोसायच्या वेळी तो पाईप फुटला. फुटला तोही नेमका लाईनीपाशी. तीन-चार दिवसांत पाणी नाही बसलं तर वर्षाचं पीक हातचं जाणार. हे जेसीबी सांगायला निघाले. भाऊजी काठी घेऊन हजर.

"त्याला सांग, जेसीबी न्हाई. कुदळ बी न्हाई. पयलं विंजनेरला विचारीन."

"त्याला सांग, तवर पाणी काय त्याच्या ढगातनं आणू?"

"त्याला सांग, आमच्या ढगाला पाऊस नसतो!"

मधे उभं राहून माझं डोकं उठलं. दोन दिवस हेच. कांद्याची पात पिवळी पडायला लागली. मी मनात दोघांना आणि त्या ढगालाही शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे नवा पाईप आणायला नारायणगावला गेले. मी अंगणात आले तर भाऊजी रस्त्याच्या कडेला खड्ड्यात गुडघ्यांवर बसून खुरप्याने माती उकरत होते. इंजिनियरसाहेब त्यांना फोनवर म्हणाले होते, हाताने खोदा, राखणदार समोर पाहिजे. राखणदाराने स्वतःच खोदायला घेतलं. खड्डा कमरेएवढा झाला होता. तळाशी लाईनीची नारिंगी नळी उघडी पडली होती आणि तिच्याखाली आमचा फुटका पाईप.

मी चहा नेला तसे ते वर येऊन बसले. त्यांनी बशी हातात धरली, पण चहा प्यायले नाहीत.

"सुमन, त्याचा खोकला कुठं गेला?"

मला कळेना. "कुणाचा?"

"त्याचाच. रोज पहाटं भिंतीपल्याड खोकतो. चार दिस झालं, आवाज न्हाई. मी भिंतीला कान लावून बसतो."

"खोकला आहे तसाच आहे. उकडतं म्हणून पडवीत झोपतात हल्ली."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग बशीतला गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"पडवीत पहाटं गारठा असतो. त्याला आत झोपाया सांग." खुरपं उचलून ते पुन्हा खड्ड्यात उतरले आणि खालूनच म्हणाले, "मी म्हणलो म्हणून सांगू नको."

हे दुपारी आले, उघडा खड्डा बघितला, काही न विचारता पाईप जोडला. दिवस मावळायच्या आत कांद्याला पाणी बसलं. मी ह्यांची खाट पडवीतून ओढत आत आणली.

"हे कुणाच्या डोक्यातनं निघालं?" हे कुरकुरले.

"माझ्याच," मी म्हणाले, आणि खाट मधल्या भिंतीला आणखी जवळ सरकवली.