दामाजींचे दोन थेंब

नळ्या एकूण चोवीस होत्या. सतरा नळ्यांत ठाकुर्लीच्या वडावर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या घशातला स्राव, सहांत पडक्या गोदामातल्या लहान वटवाघळांचा, आणि एक मुद्दाम कोरी. प्रत्येक नळी करंगळीएवढी, प्रत्येकीत बरोबर एक मिलिलिटर गुलाबी द्रव, प्रत्येकीच्या झाकणावर आकडा. सरोजने त्या तीनदा मोजल्या. चौथ्यांदा मोजायचं काही कारण नव्हतं, तरी मोजल्या, कारण ठाण्यातल्या तिच्या संशोधन संस्थेचं दार बंद होतं आणि त्या दारासमोर उभं राहून दुसरं काही करता येत नव्हतं.

"सर पुण्याला गेले, लग्नाला," पहारेकरी म्हणाला. "डीप फ्रीजरची चावी त्यांच्या खिशात. बारापर्यंत वाट बघितली त्यांनी तुमची."

आता अडीच वाजले होते. जाळ्यात अडकलेलं शेवटचं वटवाघूळ पंख न दुखावता सोडवण्यात सरोजचा दीड तास गेला होता. नमुने एक रात्रही संस्थेबाहेर राहता कामा नयेत, हा वालावलकर सरांचा पहिला नियम. सरोजची नोकरी हंगामी, सहा महिन्यांची. पाच महिने झाले होते आणि ठेवायचं की नाही हे सर महिनाअखेर ठरवणार होते.

कोपरीतल्या तिच्या खोलीत फ्रिज नव्हता. शेजारच्या जनाबाईकडे मात्र बर्फ होता. जनाबाई कोळीण. मासळीसाठी तिच्या ओटीवर थर्माकोलच्या दोन पेट्या, त्यातली एक शनिवारी रिकामीच असायची.

"काय हाय गो डब्यात?" स्टीलचा डबा बर्फात दाबताना जनाबाईने विचारलं.

वटवाघळाची थुंकी आहे असं सांगितलं असतं तर डबा, पेटी आणि सरोज तिन्ही गल्लीत गेले असते. "औषध आहे, मावशी," सरोज म्हणाली. "फक्त उघडू नका."

"मी कशाला उघडतंय?" जनाबाई म्हणाली, आणि तिने शब्द पाळला. तिने उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिओचा रविवार होता. सकाळपासून गल्लीत रिक्षा कर्णा लावून फिरत होती. नाक्यावर टेबल मांडलं होतं, टेबलावर बर्फाची पेटी, पेटीत इवल्या बाटल्या, बाटल्यांत गुलाबी औषध. जनाबाईच्या नवऱ्याने, दामाजींनी, नाक ओढत, नातवाला कडेवर घेऊन हे सगळं अगदी जवळून पाहिलं. घरी येऊन त्यांनी आपल्या ओटीवरची पेटी पाहिली.

सोमवारी सकाळी डबा ताब्यात घेताना सरोजने नळ्या मोजल्या. चोवीस. मग एकेक उजेडात धरली. सात नंबरची नळी बाकीच्यांहून किंचित कमी भरलेली होती. तिने प्रयोगशाळेत जाऊन मोजमाप केलं: शून्य दशांश नऊ मिलिलिटर. एक दशांश कमी. साधारण दोन थेंब.

संध्याकाळी ती धावतच जनाबाईच्या ओटीवर गेली. दामाजी जाळं विणत बसले होते.

"काका, तुम्ही डबा उघडला होता का?"

"व्हय," दामाजी म्हणाले. जाळ्यावरून मान वर केली नाही. "पोरांच्या पायांसाठी देतात ना ते? मंग म्हाताऱ्याच्या पायांनी काय पाप केलंय? चाळीस वर्सं खाडीच्या चिखलात उभा हाय. दोनच थेंब घेतले. पोरांच्या वाट्याचं जास्ती घेतलं नाय."

"ते पोलिओचं नव्हतं, काका."

"मंग कशाचं होतं?"

सरोजने त्यांच्या कपाळाला हात लावला. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"एकदम. आज सकाळी गुडघाभर पाण्यात उतरलो, ठणका नाय. चांगलं औषध हाय."

त्या दिवसापासून सरोज सकाळ-संध्याकाळ दामाजींचा ताप मोजू लागली. सोमवारी अठ्ठ्याण्णव दशांश चार. मंगळवारी अठ्ठ्याण्णव दशांश सहा. बुधवारी नव्व्याण्णव दशांश दोन, आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही. सरांना सांगावं तर नोकरी जाणार. न सांगावं आणि दामाजींना काही झालं तर? वटवाघळात काय काय असू शकतं याची यादी तिनेच सरांसाठी टंकलेली होती. ती दोन पानांची होती.

गल्लीने यातून वेगळाच अर्थ काढला. कॉलेज शिकलेली पोरगी दिवसातून दोनदा थर्मामीटर घेऊन येते, म्हणजे औषध भारी असणार. गुरुवारी गल्लीतले गोमाजी गुडघ्यावर फडकं बांधून तिच्या दारात उभे.

"दामाजी तुला एवढा जवळचा, आन आमी परके का गो?"

"काका, औषध संपलं."

"मंग दामाजीला सांग, उगा मिरवू नको."

शुक्रवारी पहिल्या चाचणीचा निकाल आला. तेवीस नळ्यांत विषाणू नव्हता. सात नंबरच्या नळीत होता.

वालावलकर सर खुर्चीतून उठले. पाच महिन्यांत सरोजने त्यांना कामाच्या वेळात उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. "सरोज, पेढे सांग. आता याच्या जनुकाची अक्षरं वाचायची, आठ-दहा दिवसांत कळेल हा कोण आहे ते. नवीन निघाला तर काय होईल कल्पना आहे तुला?"

सरोजला वेगळी कल्पना होती.

"सर, सात नंबरच्या नळीत थोडं कमी आहे."

"किती?"

"एक दशांश मिलिलिटर."

"सांडलं?"

"नाही, सर. प्यायलं."

सर हळूच खाली बसले. "कोणी?"

"दामाजी काकांनी."

"हे कुठल्या विभागात असतात?"

मग सरोजने सगळं सांगितलं: दीड तास, बंद दार, बर्फ, औषध म्हणून केलेली बतावणी, ताप. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आजचा ताप किती?"

"अठ्ठ्याण्णव दशांश आठ. खोकतातही."

तासाभरात सर तोंडाला मास्क बांधून कोपरीत हजर झाले. त्यांना पाहून दामाजी अदबीने उठून उभे राहिले.

"सायब, रांगेत न उभं राहता घेतलं ते माझं चुकलं."

"घसा उघडा," सर म्हणाले. कापसाचा बोळा लावलेली काडी त्यांनी घशात फिरवली, नळीत बुडवली. सरोजने झाकणावर पंचवीस लिहिलं. "थेंब कसे घेतलेत? चमच्याने?"

"चमचा कुठं शोधू? लावली तोंडाला."

"झाकण उघडून? सरळ ओठांना?"

"व्हय. आन परत नीट बंद केली. आमी जिन्नस टाकीत नाय."

जनाबाई मास्ककडे टक लावून बघत होती. "सायब, खरं सांगा. काय होतं ते?"

सरांनी सरोजकडे पाहिलं. सरोजने सांगितलं. वटवाघूळ हा शब्द ऐकताच जनाबाईने ती पेटी उचलली आणि सरळ रस्त्याकडेला नेऊन टाकली. मग परत येऊन नवऱ्याला म्हणाली, "झाडाला उलटा लटकलास तर घरात घ्यायची नाय तुला."

दामाजी गुडघ्याकडे बघत राहिले. "तरी फरक पडलाय," ते पुटपुटले.

पुढचे नऊ दिवस सरोजने दोन्ही नळ्यांचं काम स्वतः केलं. एक्स-रे फिल्मवर काळ्या पट्ट्यांच्या चार रांगा उमटत, ए, टी, जी, सी अशा चार अक्षरांच्या. प्रत्येक पट्टी म्हणजे विषाणूच्या जनुकातलं एक अक्षर. ती फिल्म दिव्यावर धरून एकेक अक्षर वाचायची, वहीत उतरवायची, मग खालून वर पुन्हा वाचायची. संध्याकाळी ताप मोजायला जायची. दामाजी आता पट्कन तोंड उघडायचे आणि थर्मामीटर दातांत धरून विचारायचे, "उडायला कधी लागतो, पोरी?" ती हसायची नाही.

सरांनी लेखाचं शीर्षक तयार ठेवलं होतं. कागद टेबलाच्या काचेखाली होता. नव्या विषाणूच्या नावाची जागा रिकामी होती, आणि त्यांची नजर दिवसातून दहादा तिकडे जाई.

दहाव्या दिवशी परदेशातल्या एका संगणकाला पाठवलेल्या ई-मेलचं उत्तर आलं. जगभरच्या नोंदींशी सरोजची अक्षरं ताडून पाहिली होती. तिने ते दोनदा वाचलं आणि कागद सरांपुढे ठेवला. सरांनी वाचला. मग काच उचलून शीर्षकाचा कागद काढला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"पुढच्या वेळी डब्यावर 'विष' असं लिहीत जा," ते म्हणाले. "हे आता वहीत नीट नोंदव."

सरोजने वही उघडली आणि लिहिलं:

नमुना सात: माणसाच्या सर्दीचा नेहमीचा विषाणू. नमुना पंचवीस, दामाजी, घसा: तोच. तीनशे बारा अक्षरांपैकी तीनशे बारा सारखी.