पाहुण्यांनी शेजारच्या घरी जावे

होणारे व्याही तीनला यायचे होते आणि ऑर्विल टिबेट्स अडीचलाच दाढी करून, शर्टाची सगळी बटणं लावून सोफ्यावर बसला होता. मुलानं, केंटनं, सकाळीच फोनवर दम भरलेला. "बाबा, तिचे आईबाबा तुम्हाला पहिल्यांदाच बघणारेत. आमच्या आधीच पोचतील. नीट बोला. आणि अंगणातले सांगाडे काढा ते."

सांगाडे काही ऑर्विलनं काढले नाहीत. हॅलोविन चार दिवसांवर आणि गल्लीत सगळ्यात भारी सजावट त्याचीच. थडगी काय, कोळिष्टकं काय, फाटकाला टांगलेला मुडदा काय! शेजारचं टिंकम हाउस सव्वादोनशे वर्षांचं, भुताटकीसाठी पंचक्रोशीत नाव, लोक तिकीट काढून बघायला येतात. पण तिथल्या लॅव्हिनियाबाई दारात साधा भोपळा ठेवू देत नाहीत. म्हणतात, "आमचं भूत खरं आहे. त्याला नटवायची गरज नाही."

पावणेतीनला बेल वाजली. दारात नऊ माणसं.

अख्खं खानदान घेऊन आले की, ऑर्विल मनात म्हणाला. "या या, आपलंच घर समजा."

त्यांनी समजलंच. एक बाई थेट माडीवर. एकानं पलंगाखाली डोकावून घेतलं. ऑर्विलला वाटलं, पोरीच्या काळजीनं बघतायत बिचारे.

"इथं कोण गेलंय?" टोपीवाल्यानं विचारलं.

"सासूबाई. या खुर्चीत."

सगळे झटकन मागं सरकले.

"अजून येतात?"

"छे हो. जिवंत होत्या तेव्हा यायच्या, दर रविवारी."

"गाइड झकास आहे," टोपीवाला बायकोला म्हणाला आणि टेबलावरचा शेवटचा डोनट उचलला. "तिकिटात खाणंपण धरलंय बघ."

"कसलं तिकीट?" ऑर्विलनं विचारलं.

त्यानं दाखवलं. वर ठसठशीत छापलेलं, टिंकम हाउस.

नऊच्या नऊ जणांना बाहेर काढून ऑर्विलनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पाहुण्यांनी शेजारच्या घरी जावे', खाली बाण काढला, पाटी मुडद्याच्या हातात अडकवली आणि डोनट आणायला बेकरीत पळाला.

परत येतोय तोवर केंटचा फोन. "बाबा, काय चालवलंय तुम्ही? तिच्या आईचा मेसेज आलाय. दारातच तिकीट फाडलं म्हणे. खुर्च्यांना दोऱ्या बांधल्यात, बसू देत नाहीत. कशाला हात लावला की एक बाई खेकसते. कोण आहे ती बाई?"

ऑर्विलनं पाटीकडं बघितलं. मग टिंकम हाउसकडं. मग धावला.

लॅव्हिनियाबाई दारातच आडव्या. "तिकीट?"

"अहो बाई, मी शेजारचा."

"वीस वर्षांत एकदा तरी आलात का? काढा तिकीट. मागं उभे राहा आणि बोलायचं नाही."

मागं एक बाई उभी होती, हातात फडक्यानं झाकलेला केक. ती ऑर्विलच्या कानाशी वाकली. "तुम्हीपण त्यांच्याकडंच आलात का हो? आमचे व्याही. पाऊण तास झाला, अजून तोंड दाखवलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी. एवढं मोठं घर, आणि माणूस बघा कसा."

ऑर्विलनं डोनटची पिशवी हळूच पाठीमागं नेली.

"मला काय ठाऊक बाई," तो म्हणाला. "मी नुसता भूत बघायला आलोय."